शेजारच्या टेबलाची गिऱ्हाइकं

गड्ड्याच्या जत्रेत पहिल्या संध्याकाळी बजाबाईच्या टेबलापाशी एकवीस माणसं थांबली आणि काशम्माच्या टेबलापाशी अठरा. हा हिशेब कुणी मागितला नव्हता. काशम्मानं तो स्वतःच्या हौसेनं, बोटांच्या पेरांवर ठेवला होता. डाव्या हातावर स्वतःची माणसं, उजव्या हातावर बजाबाईची. उजवा हात पुढं गेला की ती पेरं पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

तसं पाहिलं तर काशम्माला कमी काही नव्हतं. तिची कडक भाकरी म्हणजे पापडाची थोरली बहीण. पातळ, कोरडी, मोडली तर चार टेबलं पलीकडं कटकन ऐकू जावी. वीस वर्षं ती भाकऱ्या थापत होती. बजाबाई वळसंगची. तिची शेंगा चटणी उखळात कुटलेली, तेल सुटून काळपट लाल झालेली. दोघी एकाच बचत गटातल्या, म्हणून जत्रेत टेबलंही शेजारीशेजारी मिळाली होती.

पण बजाबाईला ओरडून गिऱ्हाईक बोलवावं लागत नसे. ती नुसतं बरणीचं झाकण काढी आणि लसणाचा वास तिचं काम करी. वीस वर्षं चुलीपुढं भाजून घेतलेल्या बाईला ही फुकटची कमाई कशी बघवावी?

शिवाय काशम्माकडं आता शास्त्राचा आधार होता. जत्रेच्या आधी गटाच्या बैठकीला पुण्याच्या एक मॅडम बाजाराची मूलतत्त्वं शिकवायला आल्या होत्या. भिंतीला तक्ता लावून त्यांनी आधी मागणी सांगितली, मग पुरवठा. मग म्हणाल्या, "आता चहा आणि कॉफी घ्या. चहा स्वस्त झाला की माणसं कॉफी सोडून चहाकडं वळतात. एकीनं दुसरीचं गिऱ्हाईक ओढलं. यांना म्हणायचं पर्यायी वस्तू."

काशम्माच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं पोटात जे नुसतं जळत होतं, त्याला पुण्याहून नाव आलं होतं.

"आता दुसरा प्रकार," मॅडम म्हणाल्या. "बजाबाई, तुमची चटणी जरा पुढं आणता?"

चटणी फिरली. बाया बोटं चाटू लागल्या. मॅडमनीही चिमूटभर तोंडात टाकून डोळे मिटले. त्याच क्षणी काशम्माला आठवलं, की आपण गॅसवर दूध ठेवून आलोय. घरात दूध नव्हतंच, पण ती उठून गेली. अर्धा धडा तेवढा सोबत नेला.

त्या अर्ध्या धड्याच्या जोरावर जत्रेच्या दुसऱ्या सकाळी तिनं गटाच्या अध्यक्ष सोनालीला गाठलं.

"सोनाली, त्या चटणीचा ठसका लई येतोय बग. माणसं खोकत्यात. माझ्या भाकरीला बी लसणाचा वास लागाय लागलाय."

"मावशी, कडक भाकरीला वास लागतो व्हय?"

"लागतो की! तू थापल्यात कवा भाकऱ्या?"

सोनालीनं आयुष्यात भाकरी थापली नव्हती आणि ते सगळ्या गटाला माहीत होतं. त्यामुळं तिला वाद घालता येईना. तिनं बजाबाईला जागा बदलशील का म्हणून विचारलं. रांगेच्या पार टोकाला, मोठ्या पाळण्यापाशी एक जागा होती.

बजाबाई भांडेल, गट गोळा करील, अशी काशम्माची तयारी होती. उत्तरंही जुळवून ठेवली होती. बजाबाई नुसतं "बरं की" म्हणाली, बरण्या टोपलीत घातल्या आणि निघून गेली. जुळवलेली उत्तरं वाया गेली, याचंही काशम्माला वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी उजव्या हाताला काम उरलं नाही. डाव्या हातावर सात माणसं झाली. तिसऱ्या दिवशी पाच. माणसं येत, भाकरी हातात घेत, उलटून बघत आणि विचारत, "हिच्यासंगं खायला काय हाय?"

"नुसती बी लई झ्याक लागती."

"लागत असंल की," म्हणून माणूस पुढं जाई.

तेव्हा काशम्माला तक्त्यावरचा पहिला धडा आठवला. भाव उतरला की मागणी चढते. पाच भाकऱ्यांचं पुडकं पन्नासाचं होतं, ते तिनं चाळिसाला लावलं. एका बाईनं पुडकं नाकाला लावून विचारलं, "शिळ्या हायत का ओ?"

काशम्मानं सोनालीला बोलावून घेतलं. "तुझ्या त्या मॅडमचं शास्त्र खोटं हाय. भाव उतरवला तरी गिऱ्हाईक न्हाय."

"मॅडम म्हणल्या होत्या, इतर परिस्थिती कायम राहिली तर. परिस्थिती तर तुमीच उचलून पाळण्यापाशी नेऊन ठेवली."

"म्हणजे?"

"तुमी त्या दिवशी दूध बघायला गेलात की नाही, त्याच्यानंतरचं आहे ते." सोनाली तिच्या टेबलाला टेकली. "काही वस्तू एकमेकींचं गिऱ्हाईक ओढतात आणि काही एकमेकींना गिऱ्हाईक आणून देतात. त्यांना पूरक म्हणायचं. मॅडमनी उदाहरण कुणाचं दिलं माहितीये? तुमचंच. एका हातात बजाबाईची चटणी धरली आणि विचारलं, कडक भाकरीवाल्या ताई कुठं गेल्या?"

काशम्मानं दोन्ही हात पुढं धरले. ती बोटांच्या पेरांकडं बघत होती. पहिल्या दिवशीची एकवीस आणि अठरा तिनं दोन वेगळ्या हातांवर मोजली होती. ती अठरा बजाबाईच्याच एकवीसमधली होती, हे तिच्या आता लक्षात आलं. वासानं थांबलेला माणूस आधी चटणी घ्यायचा आणि मग एक पाऊल सरकून भाकरी. त्या एका पावलावर तिचा धंदा उभा होता, आणि ते पाऊल तिनं पाळण्याइतकं लांबवलं होतं.

उरलेल्या भाकऱ्यांवर फडकं टाकून ती पाळण्यापाशी गेली.

तिथं गर्दी होती. आणि बजाबाईच्या शेजारी एक नवं टेबल होतं. मैंदर्गीची अक्कम्मा, पुढ्यात भाकऱ्यांची चवड.

"माणसं चटणी तळहातावर घेऊन हुबी राहायची, काशम्मा," बजाबाई म्हणाली. "भाकरी कुटं, भाकरी कुटं. शेवटी हिला फोन लावला."

काशम्मानं अक्कम्माची एक भाकरी उचलली, बोटांनी चाचपली, कोपरा मोडला. आवाज आला, पण दबका. थापटायला हात जड होता बाईचा. तरी चवड भराभर उतरत होती.

"बजाबाई, चल की परत. जागा मोकळीच हाय."

"आता कशी येऊ? ही बिचारी मैंदर्गीवरनं आलीया माझ्या शब्दावर." मग जरा हसून म्हणाली, "आणि तुला ठसका बाधतो न्हवं?"

एवढं बोलायचा हक्क तिला होता. काशम्मानं टोमणा गिळला.

"मग अर्धा किलो चटणी दे."

"घरला?"

"टेबलावर ठिवायला."

बजाबाईनं तिच्याकडं पाहिलं. काटा लावला, बरोबर अर्धा किलो तोलला, पुरा भाव घेतला. आणि पुडी बांधताना वरनं एक मोठा चमचा टाकला. "ही घरला, माझ्याकडनं."

तो चमचा काशम्माला अर्ध्या किलोहून जड गेला. शिवी दिली असती तर परत देता आली असती.

टेबलावर येऊन तिनं चटणी वाटीत काढली. भाकरीचे तुकडे ताटलीत मांडले, प्रत्येकावर चिमूट चिमूट ठेवली. दहा मिनिटांत मोहोळचं एक कुटुंब थांबलं. गृहस्थानं तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, दुसरा उचलला.

"चटणी लई भारी हाय ओ. तुमचीच का?"

'व्हय' हा शब्द काशम्माच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला. पण व्हय म्हटलं, की माणूस किलोभर मागणार, आणि वाटीत तर तुकड्यांपुरतीच. न्हाय म्हटलं, की विचारणार कुणाची. तिनं दोन्हीचा तोटा मनात मांडून पाहिला.

"वळसंगच्या बजाबाईची," ती म्हणाली. नाव बाहेर पडताना दाढ काढल्यासारखं झालं. "रांगंच्या टोकाला, पाळण्यापाशी बसती."

"मग जाताना घेतो की."

"घ्या की. पण भाकरी हितनंच न्या. तितं बी हायत, पण जाड हायत. दात हलत्यात."

गृहस्थ हसला आणि त्यानं तीन पुडकी घेतली. पुन्हा जुन्या पन्नासाच्या भावानं.