वाचक किमान एक

संशोधन म्हणजे काय हे ठरवणं ही माणसाच्या बुद्धीची अंतिम कसोटी आहे, असं भाषेच्या सरांचं ठाम मत होतं. ते ठरवणाऱ्या समितीचं सचिवपद त्यांच्याकडे आलं ते मात्र निवडीच्या दिवशी ते दाढदुखीमुळे रजेवर होते म्हणून.

कॉलेजातल्या सगळ्या विभागांना लागू पडेल अशी एकच व्याख्या करायची होती. ज्याचं काम तिच्यात बसेल, त्याला बढती. जागा एक आणि दावेदार दोन: सर स्वतः आणि गणिताच्या बाई.

बैठकीत रसायनवाले म्हणाले, "प्रयोग हवा." इतिहासवाले म्हणाले, "जुना कागद हवा."

संगीताचे मास्तर म्हणाले, "मी रोज पहाटे उठून तेच तेच करतो, ते कशात धरता?"

"शेजाऱ्यांच्या छळात," रसायनवाले म्हणाले. ते मास्तरांच्या वरच्या मजल्यावर राहत.

गणिताच्या बाई म्हणाल्या, "मला काही नको. पेन्सिल आहे माझ्याकडे."

ही पेन्सिल सरांना खुपली. बाईंचा अकरा पानी निबंध कोणाच्या बापाला कळत नाही, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं. सरांनी व्याख्येच्या शेपटाला हळूच एक कलम बांधलं: 'असे काम किमान एका त्रयस्थ व्यक्तीने संपूर्ण वाचलेले असावे, तसा लेखी दाखला जोडावा.' कलम एकमताने मंजूर झालं. त्या आनंदात सरांनी दुसरा चहाही घेतला.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी तीन पत्रं जोडली. जगात तिघांना तो निबंध कळत होता, आणि त्यातला एक तर त्यावरून बाईंशी कडाकडा भांडलाही होता.

सर तडक ग्रंथालयात गेले. त्यांचा चारशे बारा पानी प्रबंध, 'खाजगी पत्रांतील निरोपाची वाक्ये: एक चिकित्सा', कपाटात नव्हता. त्यांचा ऊर भरून आला.

"कोणी नेलाय हो?"

"नेतंय कोण! तो काय, खिडकीला लावलाय," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "वाऱ्याने आपटते ना. दुसरं पुस्तक लावलं की लोक घेऊन जातात."

आतल्या चिठ्ठीवर एकोणीस वर्षांत एकच तारीख होती. नेणारे सर स्वतः.

परीक्षकांचा अहवाल होता. त्यात 'मांडणी विलक्षण सलग' असं कौतुकही होतं. पण 'संपूर्ण वाचला' असं कुठे म्हटलं नव्हतं, आणि कलमात 'संपूर्ण' हा शब्द तर सरांनीच हौसेने घातला होता.

"तू वाचलायस ना गं?" घरी त्यांनी बायकोला विचारलं. बायको त्रयस्थ कशी, हे नंतर बघता आलं असतं.

"मी टाइप केलाय."

"म्हणजे वाचलासच की!"

"अहो, वाचला असता तर टाइप केला असता का?"

मुदतीला चार दिवस उरले तेव्हा गणिताच्या बाईच विभागात आल्या. "द्या इकडे, मी वाचते. समोर कोणी नाही म्हणून जिंकायला मला कसंतरीच वाटतं."

सरांनी मान खाली घालून प्रबंध दिला. तिकडे ग्रंथालयाची खिडकी आपटायला लागली.

चौथ्या दिवशी दाखला आला, पेन्सिलीने लिहिलेला: 'संपूर्ण वाचता आला नाही. छप्पन्नाव्या पानानंतर थेट एकाहत्तरावं पान आहे. मधली पानं बांधलेलीच नाहीत.'