राखलेला तुकडा

ती लग्न होऊन आली त्या वर्षीच सासऱ्यांनी, आबांनी, तिला गाई चारायला शिकवलं. दूध काढणं तिला येत होतं, चारणं वेगळं. सगळा माळ त्यांनी तारेचं कुंपण घालून तुकड्यांत वाटला होता. एका तुकड्यात कळप थोडे दिवस चरायचा, मग फाटक उघडून पुढच्यात जायचा. मागचा तुकडा गवत पुन्हा उभं राहीपर्यंत बंद.

"गाईचं तोंड बघून फाटक उघडू नकोस," आबा म्हणायचे. "गवत बघून उघड. आणि उन्हाळ्यात नुसत्या डोळ्यांवर जाऊ नकोस, खाली बसून बुडाशी ओल आहे का ते हात लावून बघ."

दोघं गवतात ओणवी होऊन बोटं घालत बसली की तिचा नवरा कुंपणापलीकडून हसायचा. "बापलेकीचं काय हरवलंय?"

नवऱ्याचा जीव त्याच्या वेल्डिंगच्या दुकानात. त्यामुळे आबा विसरायला लागलेत हे आधी तिलाच कळलं. सुरुवातीला गाईंच्या औषधांची नावं गेली, मग कुठल्या तुकड्यानंतर कुठला, हेही. ती गुपचूप पुढे चालायची, आबा मागोमाग यायचे.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. गवत वाढेना, म्हणून तिने प्रत्येक तुकड्याला जास्त विश्रांती द्यायला सुरुवात केली. ओढ्याकाठचा मोठा तुकडा तर शेवटासाठी राखूनच ठेवला. तेवढ्यावर उन्हाळा निभेल असा तिचा हिशेब होता. भर उन्हात गाई कुंपणाशी येऊन हंबरायच्या. पण ती फाटकाला हात लावायची नाही.

अशात तिच्या आईचं ऑपरेशन ठरलं. ती माहेरी गेली. "मी बघतो," नवरा म्हणाला.

ती परतली तेव्हा माळावरची सगळी फाटकं सताड उघडी होती. गाई वाट्टेल तिथे पांगल्या होत्या. ओढ्याकाठचं गवत मुळापर्यंत कुरतडलं गेलं होतं आणि उरलेलं खुरांखाली मातीत गेलं होतं. सावलीत आबा प्रसन्न चेहऱ्याने बसले होते.

"उपाशी होत्या गं बिचाऱ्या," ते म्हणाले. "कुणीतरी फाटकं बंद करून ठेवली होती."

ती त्यांच्यावर ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा, तोंडाला येईल ते बोलली. आबा तिच्याकडे बघत राहिले. आपलं काय चुकलं हेच त्यांना समजत नव्हतं. नवरा मान खाली घालून उभा होता. रोज सकाळी गाई चरताना दिसत होत्या, त्याला वाटलं, सगळं ठीक चाललंय.

विकतची वैरण सगळ्या कळपाला पुरणार नव्हती. गाईंची हाडं दिसायच्या आत अर्धा कळप विकायचा असं दोघांनी ठरवलं.

ट्रक आला, फळी लागली, पण गाई चढेनात. ड्रायव्हरने काठी उगारली तशा त्या आणखी बुजल्या. तिने काठी खाली घ्यायला लावली आणि घरात जाऊन आबांना हाताला धरून आणलं.

"आबा, जरा हाक मारा यांना."

त्यांनी फळीशी उभं राहून नेहमीची लांब हाक घातली. गाईंनी कान टवकारले आणि एकामागोमाग एक, नव्या गवतावर निघाल्यासारख्या, त्या वर चढल्या. शेवटची चढल्यावर आबांनी स्वतः कडी लावली, हात झटकले.

"चांगलं गवत आहे ना तिकडे?" त्यांनी विचारलं.

"आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात त्यांनी विचारलं, "इतक्याच कशा?" आता मात्र तिने खरं सांगितलं. गाईंच्या बाबतीत तिला खोटं बोलायला त्यांनी शिकवलं नव्हतं, आणि एकदा बोलून ती रात्रभर तळमळली होती.

"गवत संपलं, आबा. विकल्या."

त्यांनी रिकाम्या दाव्यांवरून नजर फिरवली. "वेळेवर विकल्यास. बरं केलंस."

पण हे ते विसरायचे आणि पुन्हा विचारायचे. ती पुन्हा सांगायची. कधी ते मान हलवायचे, कधी गव्हाणीला टेकून रडायचे, जणू ट्रक आत्ताच गेलाय.

उशिरा का होईना, पाऊस झाला. ओढ्याकाठी हिरवं विरळ फुटलं, पण तिने तिथे कुणाला फिरकू दिलं नाही. एका सकाळी उरलेल्या गाई पुढच्या तुकड्यात सोडून ती वळली, तर आबा कुंपणाशी उभे होते.

"तुमच्या का या गाई?" त्यांनी अदबीने विचारलं.

ती त्यांच्याजवळ गेली. मग म्हणाली, "हो."

"छान राखल्यात हो तुम्ही," आबा म्हणाले. तिने त्यांचा हात धरला, आणि ते संकोचत, पाहुण्यासारखे, तिच्यासोबत घराकडे चालू लागले.