पान त्रेचाळीस

खडकवेळे तालुक्याचा इतिहास सिंगापूरमध्ये लिहिला जाईल, असं रत्नाबाईंना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. पण चारुदत्त इनामदार मोबाईल समोर ठेवून त्यांच्या सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये बसला होता आणि म्हणत होता, "काकू, अगदी सुरुवातीपासून सांगा. मी रेकॉर्ड करतोय."

चारुदत्त बुओना व्हिस्टा भागातल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. गावच्या शाळेला शंभर वर्षं होत होती, म्हणून गावाबाहेर गेलेल्या मंडळींनी सगळ्या तालुक्याचं पुस्तक काढायचं ठरवलं आणि संपादन याच्याकडे आलं. चैतालीची आई खडकवेळ्याची आहे, हे त्याला मराठी मंडळींच्या एका डबा पार्टीत कळलं. रत्नाबाई दोन वर्षांपूर्वी, जावई जहाजावर असतो आणि नातीला, गार्गीला, बघायला कुणी नाही म्हणून, या लेकीकडे आल्या होत्या. त्याआधी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर. बोलणं मोजकं.

त्या दिवशी मात्र त्या बोलल्या. एकोणसाठ साली वावटळीत महारवाड्यातल्या शाळेचे पत्रे उडाले. तिथल्या गुरुजींनी पाचही पोरांना हाताला धरून मोठ्या शाळेत नेलं. त्यात सात वर्षांच्या रत्नाबाई आणि दहा वर्षांचा त्यांचा भाऊ रघुवीर. दुसऱ्या दिवशी गावातलं एकही मूल शाळेत आलं नाही.

"अकरा दिवस आम्ही पाचच जण. एवढी मोठी शाळा आणि आम्ही पाच," रत्नाबाई म्हणाल्या. "मला फार आवडलं होतं हो. मला वाटलं, मोठी शाळा अशीच असते. रिकामी."

चारुदत्त हसला. मग हसायचं नव्हतं हे त्याच्या ध्यानात आलं.

"बाराव्या दिवशी तुमच्या आजोबांनी गुरुजींना वाड्यावर बोलावलं. शाळा कमिटीचे अध्यक्ष तेच. दुसऱ्या दिवशी सगळी मुलं परत आली आणि आम्ही पाच जण व्हरांड्यात. पावसाची झड यायची, पाटी पुसून जायची. एकदा आत कुणालाच गणित येईना. रघू उठला, आत गेला आणि फळ्यावर सोडवून आला. बरोबर सोडवलं. आतल्यांनी फळा धुतला. खडू बाहेर फेकला. आणि संध्याकाळी आमच्या वडिलांना निरोप आला, की उद्यापासून इनामदारांच्या रानात कामाला यायचं नाही."

"मग?"

"मग रघूची शाळा सुटली आणि वडिलांचं काम टिकलं. कारखान्यात मोळ्या टाकता टाकता गेला तो. माझ्याहून हुशार होता."

चारुदत्तने चहाचा कप उगाच फिरवला. "आजोबांनी पुढे शाळेला दोन एकर जमीन दिली, काकू."

"दिली ना. तेही लिहा. मी नाही कुठे म्हणते?"

त्यानंतर तीन महिने काही कळलं नाही. प्रकाशन समारंभाचं बोलावणं आलं तेव्हा चैतालीने आईसाठी नवी साडी आणली. सेरंगून रोडवरच्या एका हॉटेलात वरचा मजला घेतला होता. दारातच पुस्तकाची एकेक प्रत देत होते. रत्नाबाईंनी खुर्चीत बसून चष्मा लावला आणि पान त्रेचाळीस उघडलं, कारण अनुक्रमणिकेत त्या पानापुढे त्यांचं नाव होतं.

चारुदत्तच्या आजोबांचा, आबासाहेब इनामदारांचा, अर्ध्या पानाचा फोटो. खाली लिहिलं होतं, 'काळाच्या पुढे पाहणाऱ्या आबासाहेबांनी १९५९ सालीच वंचित मुलांसाठी शाळेचे दार उघडले. त्यांच्या औदार्याने शिकलेली श्रीमती रत्ना आज सिंगापुरात सुखाने राहते.' बाजूला रत्नाबाईंचा हसरा फोटो. रघुवीरचं नाव कुठेच नव्हतं.

त्या उठून तडक चारुदत्तकडे गेल्या. "हे कुणी लिहिलं?"

चारुदत्त गोंधळला. "काकू, सगळं छापता येत नाही. गावात अजून माणसं राहतात. आणि मी मजकूर चैतालीला पाठवला होता. तिने वाचून ओके केलं, म्हणून तर..."

रत्नाबाईंनी मागे वळून पाहिलं. चैताली गार्गीच्या केसातली क्लिप नीट करत होती. नीटच असलेली क्लिप.

तेवढ्यात सत्कारासाठी त्यांचं नाव पुकारलं. त्या स्टेजवर गेल्या. शाल घ्यायला मान पुढे केली नाही. माईक मागून घेतला.

"पान त्रेचाळीस खोटं आहे," त्या म्हणाल्या. "दार उघडलं नव्हतं. आम्ही बाहेर बसत होतो. माझ्या भावाने आत जाऊन एक गणित सोडवलं, तर त्याची शाळा बंद केली. त्याचं नाव रघुवीर. बस."

मग सूत्रसंचालन करणारी मुलगी लगबगीने पुढे आली. "आजी किती भावुक झाल्या! जुन्या आठवणी असतातच अशा. जोरदार टाळ्या होऊ द्या!" आणि टाळ्या झाल्या. चांगल्या भरपूर. पुढच्या रांगेतले दोघे तर उभे राहिले. त्यानंतर बटाटेवडे आले.

परतताना एमआरटीच्या गाडीत जागा मिळाली तरी चैताली उभीच राहिली. लिटिल इंडिया स्टेशन मागे पडल्यावर दबक्या आवाजात म्हणाली, "दहा वर्षं इथे मला कुणी काही विचारलं नव्हतं, आई. आता उद्यापासून सगळे माझ्याशी फार चांगलं वागतील. कळतंय तुला?"

"म्हणून तू रघूमामाला खोडलंस?"

"मी नाही खोडलं. मी फक्त ओके म्हटलं."

रत्नाबाईंना पुष्कळ बोलायचं होतं. पण लेकीचा चेहरा फार थकलेला दिसला. तिला डॉक्टर व्हायचं नव्हतं, मोर्चात जायचं नव्हतं, तिला फक्त कुणी वळून पाहू नये असं साधं माणूस व्हायचं होतं. आणि तसं होता यावं म्हणून आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या त्या आपणच.

गार्गी दोघींच्या मधे बसून पुस्तकातले फोटो बघत होती. तिने आजीच्या फोटोवर बोट ठेवलं.

"आजी, व्हाय यू सिट आउटसाइड? यू नॉटी, इज इट?"

रत्नाबाईंनी चैतालीकडे पाहिलं.

"घरी गेल्यावर सांगू हं," चैताली म्हणाली आणि पुस्तक मिटून पिशवीत टाकलं.

घरी गेल्यावर गार्गीला होमवर्क होता. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि तिला कुणी सांगितलंही नाही.