लग्नाचं गाऱ्हाणं

“मान खाली, डोळे वर! गवळण उघड बघत नाय पोरा, चोरून बघते.”

शिमग्यातल्या नमन-खेळाच्या तालमीतला दादूमास्तरांचा तो आवाज महेंद्रला अंगणात उभ्याउभ्या आठवला. तेव्हा तो शाळकरी होता. आईचं हिरवं लुगडं नेसून गवळण झाला, तर गावानं शिट्ट्या मारल्या, बाबांनी कौतुकानं नारळ वाढवला. त्याच नजरेवर पुढं मुंबईत मालिका मिळाल्या. कितीतरी वर्षं तो घराघरातला आदर्श नवरा होता. मग एका मुलाखतीत त्यानं सरळ सांगितलं, की मी गे आहे, माझा जोडीदार पुरुष आहे. महिनाभरात मालिकेतल्या त्या नवऱ्याची गाडी दरीत कोसळली. आता तो दुसऱ्या मालिकेत नायिकेचा काका होता. सोफ्यावर बसून चहा प्यायचा.

मुलाखतीनंतरचा हा पहिलाच शिमगा. देवीची पालखी वाडीत शिरली होती, शेजारच्या अंगणात नाचत होती. ढोल जवळ येत होता.

“बाबा, भागोजीकाकांना सांगितलंत?”

गंगाराम सारवलेल्या अंगणातून नसलेली काडी वेचत राहिले. “काय सांगायचं?”

“माझ्या लग्नाचं गाऱ्हाणं घालू नका म्हणून. दर शिमग्याला घालता. आज मी समोर असताना नको. मलाही हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणावं लागेल. देवीपुढं मी खोटं बोलणार नाही. उठून जाईन.”

“पालखीसमोरनं घरचा मानूस उठून गेला, तर पुढल्या साली पालखी ह्या दारात येल काय? तू जाशील मुंबैला. आमाला हितंच रव्हायचं हाय.”

पडवीत त्याची आई विमला ओटीचे तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. फोनवरही ती एवढंच विचारायची, “घरात सगळी जेवली काय?” मुंबईच्या त्या घरातल्या दुसऱ्याचं महेंद्र सांगायचा, ती ऐकून घ्यायची; पण ते नाव तिच्या तोंडून कधी आलं नव्हतं.

पालखी आली. गुलाल उधळला, धूळ उडाली. पालखीमागून शेजारच्या नंदाकाकी आल्या. “काय रं महेंद्र, टीवीत दोन-दोन बायका केल्यास, हितं एक आनायला काय जातंय तुजं?”

माणसं हसली. हसू अर्ध्यावरच विरलं. मुलाखत सगळ्यांच्याच मोबाइलवर फिरली होती.

पालखी पाटावर टेकली. गावकर भागोजींनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले. घराघराची मागणी देवीपुढं मांडायचा मान त्यांचा.

“बाय माजे आये, गंगारामाच्या घरादारावर छाया धर!”

“व्हय म्हाराजा!”

“गुरांना, कलमांना राखन दे!”

“व्हय म्हाराजा!”

भागोजी क्षणभर थांबले. गंगाराम काही बोलतील म्हणून महेंद्रनं त्यांच्याकडं पाहिलं. गंगारामांनी जोडलेले हात कपाळाला लावले, डोळे झाकले.

“आनि ह्या पोराचं मन ठिकान्यावर आन. पुढल्या शिमग्याला सुनंच्या हातची ओटी घे…”

एकाच्याही तोंडून व्हय निघेना. सगळे महेंद्रकडं बघत होते. महेंद्रनं जोडलेले हात सोडले आणि एक पाऊल मागं घेतलं.

“भावजी, थांबा.”

विमला होती. गाऱ्हाण्यात बाईमाणूस बोलत नाही. ढोलवाल्यानं टिपरू काखेत धरलं.

“विमल, गप ऱ्हा,” गंगाराम दबक्या आवाजात म्हणाले.

तिनं ओटी पालखीत ठेवली, पदर सारखा केला आणि भागोजींकडं नव्हे, देवीच्या रुप्याच्या मुखवट्याकडं बघत बोलली.

“सून मागू नका. माज्या पोराचं घर कवाच बसलंय. त्या दुसऱ्याचं नाव विनीत. त्येला साखर हाय, हल्ली पायाची जखम भरत नाय. तेवढी भरून येऊ दे म्हना.”