हाताच्या अंतरावरून

एफी मेअरने स्किरीहेवनच्या फोटो क्लबात नाव घातलं, तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांना वाटलं, बरं झालं, बाईने मागचं विसरायचं ठरवलं. उरलेल्यांना वाटलं, तिचं डोकं फिरलंय. खरं काय ते एकट्या एफीला ठाऊक होतं. तिला रॉडरिक इन्सचा एक फोटो काढायचा होता. असा, की तो पाहिल्यावर या माणसाने पुन्हा गावात मान वर करून चालू नये.

इन्स म्हणजे गावचा जुना केमिस्ट. दुकान विकल्यापासून गळ्यात कॅमेरा अडकवून धक्क्यावर फिरणं हाच त्याचा उद्योग. क्लब त्याचाच आणि शनिवारच्या सहलीही त्याच्याच. स्कॉटलंडच्या त्या किनाऱ्यावर उजेड कुठून येतो आणि किती टिकतो, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. एफीसुद्धा हे नाकारत नव्हती.

तिचा नवरा वॉटी फेब्रुवारीतल्या एका सकाळी बोटीवरून पाण्यात पडला. बचावनौकेने त्याला धक्क्यावर आणलं, तेव्हा एफी झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून धावत आली होती. एका पायात सपात, दुसरा पाय उघडा. ताडपत्रीखालचे त्याचे बूट दिसले आणि ती ओल्या दगडांवर गुडघ्यांवर कोसळली. इन्स सकाळच्या उजेडासाठी तिथे आलेला होता. त्याने फोटो काढला. त्याला नाव दिलं ‘वाट पाहणारी’. ॲबरडीनच्या एका स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग तो मोठ्या चौकटीत बंदरावरच्या कॅफेत लागला. उन्हाळी पाहुणे त्याच्याखाली बसून केक खायचे.

तेव्हा एफी त्याच्या दारात गेली होती.

“मिस्टर इन्स, तो फोटो उतरवा.”

“अगं पोरी, लोक रडतात तो बघून. तुझं दुःख आता एकटीचं राहिलेलं नाही.”

“मला ते एकटीचंच हवंय. आणि मी कुणाची वाट बघत नव्हते. मला फोन आलेला होता.”

“शीर्षकात इतकं काटेकोर बघत नाहीत,” तो समजुतीने म्हणाला, आणि चहा घेतेस का म्हणून विचारलं.

चहा न घेता ती परतली. त्यानंतरच्या हिवाळ्यात तिने एक वापरलेला कॅमेरा मिळवला आणि क्लबात जाऊन बसली. इन्सला गहिवरून आलं. “बघा,” तो सगळ्यांना म्हणाला, “कला माणसाला कुठवर आणते!”

शिकवायचा मात्र तो मनापासून. कोपरं बरगड्यांना टेकवा, अर्धा श्वास सोडा आणि मग बटण दाबा. भर दुपारी चेहरे काढू नका, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. ढगाळलेलं असेल तर खुशाल काढा. पाखरू काढायचं तर खाली बसा, त्याच्या डोळ्याच्या पातळीवर या. डोळा स्वच्छ आला तर बाकीचं पुसट चालतं. काचेवर खारं पाणी उडालं तर शर्टाने पुसू नका, आधी फुंका, मग मऊ फडक्याने टिपा. एफी आठवडाभर बेकरीत पाव विकायची आणि शनिवारी हे सगळं प्यायची. कड्यावरच्या समुद्रपक्ष्यांवर तिने हात बसवला, मग मासळीबाजारातल्या माणसांवर. तिचे फोटो चांगले यायला लागले. इन्स तिची पाठ थोपटायचा, आणि तो थोपटत असताना तिच्या मनात एकच विचार असायचा, तुझी वेळ अजून आलेली नाही.

कारण सोबतीला ती त्याचेही फोटो काढत होती. दर सहलीत. इन्स नाक पुसताना, इन्स सँडविच खाताना, इन्स कुंपणाला अडकलेली पँट सोडवताना. घरी येऊन बघायची आणि पुसून टाकायची. नुसतं हसू येईल असलं काही तिला नको होतं.

एका शनिवारी सगळे धक्क्यावर जमले होते. नेटा रीड नावाची एक सभासद होती. आयुष्यभर गावात टपाल वाटलेली, आता निवृत्त, तोंडाने फटकळ. ती झूम लेन्स फिरवत एका जागी उभी होती. इन्सने तिला हटकलं.

“नेटा, झूम म्हणजे आळशाचे पाय. चालत जा की पुढे. माझी ‘वाट पाहणारी’ बघ. कशाने काढली असेल?”

“दुर्बिणीने काढली असशील.”

“छे! रुंद लेन्स होती. म्हणून तर मागे अख्खा धक्का दिसतो. हात लांब केला असता तर तिच्या बाहीला लागला असता, इतका जवळ होतो मी.” तो एफीकडे वळला. “आठवतं का गं तुला?”

“नाही,” एफी म्हणाली. “माझं लक्ष नव्हतं.”

“रॉडरिक, जीभ आवर,” नेटा पुटपुटली. पण तो उजेडाकडे बघत पुढे निघून गेला होता.

एफी तिथेच उभी राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, त्याने तो फोटो बंदराच्या भिंतीपलीकडून, लांबून, चोरून काढला असेल. चोराबद्दल जसा राग येतो तसा तिला त्याचा राग यायचा. आज कळलं की ती दगडांवर पडली तेव्हा तो शेजारीच होता. नवऱ्याच्या बुटांकडे बघून ती ओरडत होती आणि याचे दोन्ही हात कॅमेऱ्याला होते. त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. राग वाढला असं म्हणता येणार नाही, पण त्याची धग गेली आणि तो थंड झाला. थंड राग फार दिवस टिकतो.

ऑक्टोबरच्या शेवटी गावाबाहेरच्या खडकाळ टोकावर मोठ्या लाटा यायला लागल्या आणि इन्स सगळ्यांना तिकडे घेऊन गेला. “लाट फुटताना गोठवायची तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवा. दिसली की दाबू असं म्हणाल तर उशीर झालेला असेल. आधीपासून दाबत राहा.” शेवाळलेल्या खडकांवर सगळे पसरले. नेटा इन्सच्या बाजूला, पाण्याच्या फार जवळ गेली होती. एफी वर, कोरड्या खडकावर होती. सगळ्यांचे कॅमेरे लाटांवर होते, तिचा इन्सवर.

लाट आली ती इतरांपेक्षा मोठी होती. नेटाचा पाय सरकला. पडता पडता तिने हात पुढे केला, थेट इन्सकडे. इन्सने मागे एक पाऊल घेतलं, तोल सावरला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. एफीला हे सगळं चौकटीत दिसलं. नेटाचा पसरलेला पंजा, मागे उसळलेली पांढरी भिंत, आणि नेटावर रोखलेली त्याची लेन्स. तिने अर्धा श्वास सोडला आणि बटण दाबलं. मग कॅमेरा खडकावर टाकून ती धावली आणि पुढची लाट यायच्या आत नेटाला कोटाच्या टोपीला धरून वर ओढलं.

नेटाचं मनगट मोडलं. दोन दिवसांनी एफी फोटो घेऊन तिच्या घरी गेली. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून नेटाने तो बराच वेळ न्याहाळला.

“काय ध्यान दिसतेय मी,” ती म्हणाली. “आणि हा हलकट बघ. डोळा मिटून नेम धरतोय.”

“क्लबच्या प्रदर्शनात लावायचाय मला. पण तू नाही म्हणालीस तर फाडून टाकीन. आत्ता, तुझ्यासमोर.”

“एक सांग मला. आधी काय केलंस, बटण दाबलंस की धावलीस?”

एफीने खाली बघितलं नाही. “बटण दाबलं.”

“वाटलंच मला.” नेटाने फोटो तिच्या हातात परत दिला. “तो आलाच नाही, तू निदान आलीस. पण उशिरा आलीस, हे विसरू नकोस. लाव जा.”

प्रदर्शन नोव्हेंबरात चर्चच्या सभागृहात भरायचं. प्रत्येकाने आपला एक फोटो लावायचा, आणि तो आधी कुणाला दाखवायचा नाही, असा नियम इन्सनेच केलेला. उद्घाटनाला तो ठेवणीतल्या कोटात आला. हातात वाईनचा पेला घेऊन एकेका फोटोपुढे थांबत, बोलत, एफीच्या फोटोशी पोचला. आधी त्याला लाट दिसली. “वा! पाण्याचा थेंब न् थेंब—” एवढं म्हणून तो थांबला. एफी भिंतीला टेकून त्याचा चेहरा बघत होती. याच क्षणासाठी तिने दोन वर्षं शनिवार घातले होते, आणि तिला त्यातलं काहीही चुकवायचं नव्हतं. आधी त्याचे कान लाल झाले, मग बाकीचा चेहरा उतरला.

फोटोखाली शीर्षक होतं ‘क्लबचे अध्यक्ष’.

एकेक करून लोक त्या फोटोभोवती जमले.

“मी तिला धरणारच होतो,” इन्स कुणाकडेही न बघता म्हणाला.

“कधी रे?” नेटा प्लास्टर सावरत मागून म्हणाली. “प्रिंट काढून झाल्यावर?”

कुणीतरी हसलं. बाकीचे हसले नाहीत, आणि ते त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तो बेकरीत आला. दुकानात कुणी नाही असं बघूनच आला होता.

“एफी, तुझा उतरव. मी कॅफेतला उतरवायला सांगतो. दोघं सुटू.”

“कॅफेतला उतरवा नाहीतर ठेवा, तुमची मर्जी. माझा राहील.”

“पोरी, मी म्हातारा झालो. मला याच गावात दिवस काढायचेत.”

“मलाही इथेच काढायचे होते,” एफी म्हणाली. मग तिने चिमटा हातात घेतला. “पाव कुठला देऊ?”

तो पाव न घेताच गेला.

फोटो प्रदर्शन संपेपर्यंत राहिला. शेजारच्या गावांतूनही लोक येऊन बघून गेले. इन्सने क्लब सोडला आणि त्याचा कॅमेरा धक्क्यावर दिसेनासा झाला. कॅफेवालीने कुणी न सांगताच ‘वाट पाहणारी’ खाली काढली आणि कागदात गुंडाळून एफीकडे आणली. एफीने कागद उलगडला नाही. “शेगडीत घाल,” म्हणाली. तिला समाधान झालं का? झालं. मनात कुठे दया येतेय का, म्हणून तिने स्वतःला चाचपूनही बघितलं. सापडली नाही.

पण धक्क्यावर मात्र काहीतरी बदललं. वसंतात नेटाचा हात पुरता बरा झाला आणि दोघी पुन्हा शनिवारी निघाल्या. एफीने पिशवीतून कॅमेरा काढला, तशी जाळी शिवणारी माणसं पाठमोरी झाली. एकाने तर टोपी पुढे ओढून घेतली.

“तुझा नाही काढत, पाखरं काढतेय,” एफी म्हणाली.

“असेल,” तो मान न वळवता म्हणाला. “काढ हां पाखरं.”

नेटाने एफीकडे बघितलं. दोघी चढणीच्या रस्त्याला लागल्या. वाटेत इन्सचं घर होतं. वरच्या खिडकीत तो उभा होता, बंदरावरच्या उजेडाकडे बघत. त्याला एफी दिसली. ती थांबली. तिने कॅमेरा उचलला नाही, नुसतंच वर बघत राहिली, त्याने पडदा ओढून घेईपर्यंत.