हौसाची लाली

कृष्णात रंगवाल्याच्या हाताखालून आजवर चार राण्या, दोन अप्सरा, एक शूर्पणखा आणि मोजता येणार नाहीत इतक्या दासी गेल्या होत्या. कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत तो नटनट्यांची तोंडं रंगवायचा. सकाळी सातला जांभया देत खुर्चीत बसलेली बाई नऊ वाजता उठायची, ती थेट इंद्राच्या दरबारात जायच्या लायकीची होऊनच. आणि हाच कृष्णात शिवाजी पेठेतल्या आपल्या घरी आला की गरजायचा, "लग्नाआधी या घरात पोरीच्या तोंडाला पावडर लागणार न्हाय!"

घरात पोरगी एकच. हौसा. वय चौदा, जीभ चाळिशीतली.

"अण्णा, दुसऱ्यांच्या पोरी रंगवताय, ते बरं चालतंय?"

"त्यो धंदा हाय."

"मग मलाबी गिऱ्हाईक समजा की!"

असं दोन वर्षं चाललं होतं. कृष्णात ओरडायचा, पण त्याचं खरं दुखणं वेगळंच होतं. हौसाला सहाव्या वर्षी देवी आल्या होत्या. पोरगी वाचली, पण दोन्ही गालांवर वण राहिले. तिच्या गालाला पावडर लावायची म्हणजे इथं झाकण्यासारखं काही आहे, हे बापानंच तिला सांगायचं. ते त्याच्यानं होईना. आठ वर्षांत घरात कुणी 'वण' हा शब्द उच्चारला नव्हता. रस्त्यातल्या खड्ड्यांचा विषय निघाला तरी हौसाची आई, शालूबाई, घाईघाईनं भाजीपाल्यावर वळायची.

एका रविवारी कृष्णात सायकलवरून घरी निघाला होता. मागं कॅरिअरवर स्टुडिओतला दिवेवाला केरबा बसला होता. नळाच्या कोपऱ्यावर समोरून हौसा आणि तिच्या दोन मैत्रिणी फिदीफिदी हसत आल्या. हौसानं पतंगाचा लाल कागद थुंकीनं भिजवून ओठांवर चोळला होता. लाली ओठांवर होती, दातांवर होती, हनुवटीवरही ओघळली होती.

"आरं कृष्णात, ही तुझी हौसा न्हवं?" केरबा घाबरून म्हणाला. "कुठं तोंड फोडून घेतलं पोरीनं?"

कृष्णातनं ब्रेक दाबला. केरबा कॅरिअरवरून खाली आला, तो पायांवर नाही. हौसाचा दंड धरून कृष्णातनं तिला घरी आणली आणि दारातच सुरू झाला.

"लाज न्हाय वाटत? ओठाची कड कुठं, रंग कुठं! कच्ची कोंबडी खाल्ल्यागत दिसतीस! रंगवाल्याची पोर असं थोबाड घिऊन पेठंतनं फिरती?"

शालूबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"अवं, लावलं म्हणून चिडलाय, का वाईट लावलं म्हणून?"

  कृष्णात तडक मोरीवर पाय धुवायला गेला.

जेवण झाल्यावर त्यानं आपली रंगाची पत्र्याची पेटी पुढ्यात ओढली. "बस हितं," तो हौसाला म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. त्यानं अंगाच्या रंगाचं मलम बोटावर घेतलं आणि हात तिच्या गालाकडं नेला. हौसानं झटकन मान मागं घेतली.

"ह्ये काय?"

"वण..." आठ वर्षांनी तो शब्द बाहेर आला. "वण बुजवतो. कुणाला कळणार न्हाय बघ."

"कशाला? मला ओठ पायजेत."

"शाळंत पोरी चिडवत न्हाईत?"

"चिडवत्यात की. मीबी चिडवती. एकीचं दात फुडं हायेत, एकीचा बा टकल्या हाय. परत्येकीचं कायतरी हायच."

"मग दोन वरसं पावडर पावडर करून माझा जीव का खाल्लास?"

"एकदम ओठ म्हणलं असतं तर तुमी बडवलं असतं. म्हणून पावडरीपासनं सुरवात किली."

शालूबाई पदरात तोंड घालून हसू लागली. कृष्णातला हसावं की रडावं कळेना. बोटावरचं मलम त्यानं आपल्याच धोतराला पुसलं.

कोपऱ्यात वाती वळत बसलेली त्याची थोरली बहीण, अक्का, मात्र खवळली. "पावडर येक येळ चालंल, किस्ना! पन ओठ? चांगल्या घरातल्या पोरीचं ओठ कोन रंगवतंय रं?"

"मी रंगवतोय," कृष्णात म्हणाला आणि त्यानं ब्रश उचलला.

मग तहाची बोलणी झाली. शाळेला लावायचं नाही. रविवारी आणि सणासुदीला लावायचं. भडक तांबडं नाही, डाळिंबी चालेल, असं शालूबाईनं ठरवलं. पतंगाचा कागद बंद, ही अट कृष्णातची. शाळेचं गॅदरिंग हौसानं हळूच त्यात घुसवलं. अक्कानं कशालाच होकार दिला नाही, पण वातींचं ताट घेऊन ती जवळ सरकून बसली.

कृष्णातनं हौसाची हनुवटी धरली. आधी कड, मग आतला रंग, मग जादा रंग टिपायला कोरा कागद ओठांत दाबायचा. मग त्यानं ब्रश हौसाच्या हातात दिला. पहिल्यांदा कड हनुवटीकडं घसरली. दुसऱ्यांदा कड मिशीसारखी वर गेली. तिसऱ्यांदा मात्र अशी बसली, की कृष्णातनं कंदील जवळ घेऊन दोनदा पाहिलं. असा हात त्याच्या स्टुडिओतल्या मदतनिसालाही नव्हता.

पुढच्या रविवारी तिघं रंकाळ्यावर गेली. हौसा स्वतः ओठ डाळिंबी रंगवून, परकर सावरत, मान ताठ करून पुढं चालली होती. सायकलवरून जाणारा एक तरुण तिच्याकडं बघत राहिला. बघत बघतच तो भेळवाल्याच्या टोपल्यांवर जाऊन आदळला. चुरमुरे उडाले, चटणी सांडली, भेळवाल्यानं त्याच्या चार पिढ्यांचा उद्धार केला.

कृष्णात मुठी वळून धावला. "पावणं, डोळं ठिकाणावर न्हाईत व्हय?"

गडी घाबरून उठला, विजारीवरची चटणी झटकत. कृष्णातनं त्याला एक सणसणीत शिवी दिली. मग त्याच्या सायकलीचं वाकडं झालेलं हँडल गुडघ्यांत धरून सरळ केलं, आणि दूर उभ्या असलेल्या शालूबाईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात विचारलं,

"लांबनं ओठाची कड सरळ दिसती का न्हाय?"