बॅप्टिस्टच्या विहिरीवरचा फ्यूज

मित्रांनो, मी एक जुना फ्यूज आहे आणि वितळणं हेच माझं काम. अंग चिनी मातीचं, पोटात केसासारखी बारीक तार. पंपाकडे जाणारी वीज या तारेतूनच धावते. ती बेताने धावली तर सगळं ठीक. बेफाम झाली की माझी तार वितळते, विजेची वाट तुटते आणि पुढची माणसं वाचतात. बदल्यात मला शिव्या मिळतात.

१९७८ साली वसईकडच्या बोळिंज गावातल्या बॅप्टिस्टने मला केळीच्या वाडीत, विहिरीजवळच्या बोर्डावर बसवलं. पुढे लेक अँजेलिनाच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्याने मांडवाची सारी रोषणाई माझ्यावरूनच ओढली. वर पंपही चालू. तीनदा मी वितळलो, तीनदा मांडव अंधारला.

"मेल्या, आजच मराचं होतं तुला?" म्हणत बॅप्टिस्टने माझ्या पोटात जाड तांब्याची तार पिळली.

"अवो, वायरमनला तरी विचारा," त्याची बायको मटिल्डा म्हणाली.

"बँड दारात आला, आता कुठला वायरमन?"

दिवे झगमगले. तिकडे मोटरीतल्या वायरचं रबर जळालं आणि वीज पंपाच्या लोखंडी नळात उतरली. बारीक तार असती तर मी क्षणात वितळलो असतो. ही जाड तार मुकाट्याने वीज पुढे ढकलत राहिली. मला ओरडताही येईना.

रीतीप्रमाणे बायका वाजतगाजत विहिरीवर उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या आंघोळीचं पाणी, न्यायला आल्या. मटिल्डा पुढे, अनवाणी, ओल्या दगडावर. कळशी भरायला तिने नळाला हात लावला आणि हात तिथेच चिकटला. दातखीळ बसली, अंग थडथडू लागलं, कातडी जळाल्याचा वास सुटला. कळशी विहिरीत कोसळली. बँड वाजतच होता.

अँजेलिना आईकडे झेपावली.

"शिवू नको तिला!" बॅप्टिस्ट किंचाळला आणि त्याने मला बोर्डातून उपटलं. मटिल्डा धाडकन पडली. श्वास चालू होता. तळहात काळाठिक्कर पडला होता.

संतापाने बॅप्टिस्टने मला दगडावर आपटलं. माझा टवका उडाला आणि ती जाड तार बाहेर लोंबली. ती त्याने बोटांत धरून पाहिली. "तुजी नाय रे, माजी चूक," म्हणून ढसाढसा रडला.

मटिल्डाची तीन बोटं कापावी लागली. लग्न महिन्याभराने झालं, रोषणाईशिवाय. लेक सासरी निघताना तिच्या कपाळावर मटिल्डाने उरलेल्या दोन बोटांनी क्रूस काढला.

मित्रांनो, मी वितळलो तर खुशाल शिव्या द्या. पण आधी कशामुळे वितळलो ते शोधा, आणि माझ्या पोटात बारीकच तार घाला. मला मरू द्या.